सरळ केलेले खिळे

महाडच्या नव्या इमारतीवर मी राडारोडा उचलायचे आणि त्याचे ढीग एक गडी सांभाळायचा. टाकाऊ माल पुन्हा वापरला तर इमारतीला पर्यावरणाचं सर्टिफिकेट मिळणार होतं, म्हणून लाकूड, लोखंड, फरशीचे तुकडे तो वेगळे ठेवायचा. माझी पाटी चुकीच्या ढिगावर पडली की न रागावता स्वतःच वेचायला बसायचा.

"कचरा नाय गो बाय, माल हाय."

जेवणाच्या सुट्टीत तो दगडावर वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा. शेवटच्या दिवशी त्याने मूठभर खिळे माझ्या ओंजळीत घातले.

"पोलादपूरच्या घराला लागतील तुज्या."

आता तो कुठल्या कामावर जाणार, हे विचारायचं होतं. मी खिळे पदराच्या गाठीत बांधत राहिले.

दाराची फळी सैल झाली आहे. तरी ते खिळे मी अजून ठोकले नाहीत.