दुर्गाबाईच्या खानावळीत रेस आधी दिसायची

महाळुंग्याच्या कंपन्यांच्या रस्त्याला दुर्गाबाईची पत्र्याची खानावळ आहे. तिच्या हातच्या रश्श्यासाठी माणसं लांबून वाट वाकडी करून येतात, पण तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती होत नाही. त्याला कारण आहे.

तिचा नवरा कोंडीराम भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. मशिनने त्याची दोन बोटं खाल्ली, आणि राहिलेल्या हाताने तो बायकोला पहिल्यापेक्षा जास्त मारायला लागला. कधी पट्ट्याने, कधी हाताला लागेल त्याने. पिंपळे गुरवच्या त्या एका खोलीत दुर्गाबाईने सगळं सोसलं. एका सकाळी मात्र त्याने लहानग्या करिष्माचं डोकं भिंतीवर आपटलं. दुर्गाबाई पाट्यावर मसाला वाटत होती. हातातला वरवंटा तिने तसाच त्याच्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वच्छ ऐकला, पोरीला काखोटीला मारलं आणि तिखटाने माखलेल्या हातांनीच घर सोडलं. माहेरची, बीडकडची माणसं म्हणाली, परत जा. ती गेली नाही. महाळुंग्यात येऊन तिने चूल मांडली.

खानावळीत रेस शिरली ती गिऱ्हाइकांमुळे. या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. रविवारी पहिली शिफ्ट सुटली की मोटरसायकलींचे सुटे भाग बनवणारी पोरं जेवायला यायची आणि टीव्हीवर मोटरसायकलींच्या रेसचं चॅनेल लावायची. तेव्हा ते केबलवर फुकटात दिसायचं. दुर्गाबाईला ती नुसती घरघर वाटायची. मग एकदा तिने भाकरी थापता थापता मान वर केली. वळणावर एक गाडी घसरली, मागची तिच्यावर चढली, आणि स्वार दगडासारखा टप्पे खात मातीत जाऊन पडला. गाडीने पेट घेतला. मेला, असं दुर्गाबाईला वाटलं. तेवढ्यात तो उठला. एक पाय वाकडा झालेला, तरी लंगडत गाडीकडेच निघाला. माणसांनी त्याला धरून मागे ओढलं.

"सोडा की त्याला!" दुर्गाबाई टीव्हीवर ओरडली. सगळी खानावळ हसली. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

त्या दिवसापासून तो स्वार तिचा झाला. नाव तिला उच्चारता यायचं नाही. ती त्याला 'लंगडा' म्हणायची. आणि लंगड्याचा दुसरा भक्त होता सनी. जालन्याकडचा, साच्यांच्या कंपनीत कंत्राटावर. टीव्हीखालची पहिली जागा त्याची. त्याला टायफॉइड झाला तेव्हा दुर्गाबाईने त्याला खानावळीच्या मागच्या खाटेवर आठवडाभर निजवला आणि पेज भरवली. "मावशी, मला दुसरी माय हाय म्हणून सांगीन गावाकडं," तो म्हणायचा.

मग एका रविवारी रेसच्या जागी निळा पडदा आला. चॅनेल पैशांचं झालं होतं. काही महिने पोरांनी वर्गणी काढून ते घेतलं, तर तेही बंद झालं आणि रेस फोनवरच्या अ‍ॅपवर गेली. फुकट बघायला येणारी गर्दी पांगली. त्याच सुमाराला सनीचं कंत्राट तुटलं, आणि तोही दिसेनासा झाला.

दुर्गाबाईने हाय खाल्ली नाही. करिष्मा आता कॉलेजात जाण्याएवढी झाली होती. तिने अ‍ॅप घेतलं आणि फोन वायरने टीव्हीला जोडला. पोरं पुन्हा जमली.

पण रस्त्यावरच्या बाकीच्या हॉटेलांत रेस दाखवायचा दिग्विजय. गावातला केबलवाला, त्याची लाइन चोरीची. कुठूनतरी उचललेलं चित्र वळसे घेत यायचं, त्यामुळे खऱ्या रेसच्या पाऊण मिनिट मागे असायचं. त्याच चित्रावर तो सट्टा घ्यायचा. पुढच्या फेरीला पुढे कोण, पडणार कोण. आणि दुर्गाबाईच्या टीव्हीवर जो स्वार पडलेला असायचा, तो दिग्विजयच्या टीव्हीवर अजून पडायचा असायचा.

हे पहिल्यांदा हेरलं प्रज्वलने. तो वेल्डर, रोजचं गिऱ्हाईक. ताट अर्धं सोडून तो फोन घेऊन बाहेर जायचा, दिग्विजयकडे पैसे लावायचा आणि हसत आत यायचा. मग बाकीचेही जायला लागले. दुर्गाबाईला दिसत होतं. तिने विचारलं नाही.

दिग्विजय एक दिवस स्वतः आला. बसला नाही.

"मावशी, रेस माझ्या लाइनवरून घ्यायची. सगळे घेतात."

"तुझी लाइन मधीच थिजती, बाबा. माझ्या गिऱ्हाइकाला न्हाई चालत."

"तुझं गिऱ्हाईक मला बुडवतंय."

"मग गिऱ्हाइकाला बोल. माझ्या चुलीपाशी कामून आलास?"

त्याने टीव्हीकडे बघितलं, मग करिष्माकडे बघितलं, आणि गेला. दुर्गाबाईने त्या रात्री विळा उशाशी घेतला; पण जे व्हायचं ते भर संध्याकाळी झालं.

रविवार होता. रेस नुकतीच सुटलेली. चुलीवर रश्श्याचं मोठं पातेलं रटरटत होतं. तीन जण आत आले, तोंडाला रुमाल बांधलेले, हातात गज. पहिल्याने एक शब्दही न बोलता प्रज्वलच्या डोक्यात गज घातला. प्रज्वल ताटावर कोसळला. भातावर रक्त पसरत गेलं. पोरं बाकं उलथीपालथी करत दाराकडे पळाली. दुसऱ्याने करिष्माची वेणी हाताला गुंडाळून तिला जमिनीवर लोळवलं आणि तिच्या कमरेत लाथ घातली. तिसरा सरळ टीव्हीकडे गेला.

दुर्गाबाईने फडक्याने पातेलं उचललं. करिष्मा ओरडत होती. तिची वेणी धरलेला माणूस पाच पावलांवर होता. टीव्ही फोडणारा हाताच्या अंतरावर होता. त्याचा रुमाल घसरला होता. तो सनी होता.

गज पुन्हा पडद्यावर पडला, काचा उडाल्या, आणि दुर्गाबाईच्या डोळ्यांसमोर ती खाट आली, ती पेज आली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा हा! सनीने मान वळवली. दोघांची नजर भेटली. त्याचे ओठ हलले. तिने पातेलं त्याच्या तोंडावर रिकामं केलं.

त्याचा आवाज माणसाचा नव्हता. तो भिंतीवर आदळला, बाकावरून पडला, स्वतःचंच तोंड ओरबाडायला लागला. तर्री त्याच्या शर्टाला चिकटून वाफाळत होती. बाकीचे दोघे गज टाकून पळाले. टीव्हीची वायर निसटली होती आणि करिष्माचा फोन आता एकटाच बोलत होता. आतला माणूस जीव तोडून ओरडत होता, पुढे कोण गेलं ते सांगत होता.

दुर्गाबाईने सनीला बखोटीला धरून फरफटत पाण्याच्या पिंपापाशी नेलं. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत भाजले होते. ती तांब्यामागून तांब्या त्याच्या तोंडावर ओतत राहिली. "डोळं उघड, लेकरा. डोळं उघड की रे!" तो तिला लाथा मारत होता. एक लाथ तिच्या बरगडीत बसली. तिने तांब्या सोडला नाही.

प्रज्वलला टाके पडले, तो वाचला. करिष्मा दोन आठवडे वाकू शकली नाही. सनीचा डावा डोळा गेला.

पोलीस आले, दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. दुर्गाबाई जामिनावर सुटली तशी वकील निरंजन शेळके तिला म्हणाले, "बाई, एवढंच सांगायचं. धांदलीत कोण होतं ते दिसलं नाही. पोरीला वाचवायला पातेलं भिरकावलं."

ती हातांच्या पट्ट्या सावरत खानावळीकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सनीची आई आली. सोजरबाई. वाळकी बाई, पायात चप्पल नाही. खानावळीच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "पेज पाजणारी ती तूच का?"

"व्हय."

"माझ्या लेकाला वळखलं व्हतंस का?"

करिष्माने मागून आईचा पदर ओढला. दुर्गाबाई म्हणाली, "वळखलं व्हतं. वळखलं म्हणूनच ओतलं."

सोजरबाईने तिच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या गालावर. मग मुठी वळून छातीवर, भाजलेल्या हातांवर, जिथे बसेल तिथे. फोड फुटले, पट्ट्यांतून पाणी पाझरलं. गिऱ्हाइकं उठली तशी दुर्गाबाईने त्यांना नजरेनेच बसवलं. हात उचलणाऱ्याचं हाड मोडणारी बाई ती. त्या दिवशी खाली मान घालून उभी राहिली. सोजरबाई थकली आणि उंबऱ्यावरच मटकन बसली.

"त्यानं बी वाईटच केलं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पर डोळा गं, बाई. डोळा."

दिग्विजयने दवाखान्यात निरोप धाडला होता, सनीने सगळं स्वतःच्या अंगावर घ्यावं म्हणून. स्वतः मात्र तो फिरकला नाही. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा सनीच्या अर्ध्या तोंडाला पट्ट्या होत्या. त्याने दिग्विजयचं नाव घेतलं, बाकी दोघांची घेतली. हवालदाराने विचारलं, "बाईनं तुला ओळखून केलं का अपघातानं?"

"तिनं वळखलं," सनी म्हणाला. "मीबी वळखूनच फोडला टीव्ही. दुसऱ्याला पाठवा म्हणलं व्हतं दिग्विजयभाऊला. तो म्हणला, तुझ्यावर ती हात उचलणार न्हाई, तूच जा."

हवालदाराने पेन थांबवलं. मग तसंच लिहून घेतलं.

तो जबाब वकिलांकडून ऐकून दुर्गाबाई चुलीपुढे बसली आणि दिवसभर उठली नाही. त्या दिवशी खानावळ बंद राहिली.

दिग्विजय काही महिने आत होता. सुटल्यावर त्याने केबल सोडून पाण्याचे टँकर धरले. आता रस्त्यावरून जाताना तो मुद्दाम खानावळीसमोर हॉर्न वाजवतो. दुर्गाबाई झारा हातात घेऊन बाहेर येते आणि टँकर दिसेनासा होईपर्यंत उभी राहते. केस खेडच्या कोर्टात चालू आहे. निरंजनवकिलांचं न ऐकता तिने तिथेही खरं तेच सांगितलं. शिक्षा होईल की नाही, हे अजून कुणाला माहीत नाही.

सनीही जामिनावर सुटला आणि आईबरोबर गावी गेला. जाण्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं एकदा समोरासमोर आली. दुर्गाबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं, नीट बघितलं, नजर वळवली नाही. त्यानेही तिचे हात बघितले. ती काही बोलणार तोच तो म्हणाला, "नको, मावशी. काय बी नको बोलूस." आणि भिंतीला हात लावत, ज्या बाजूला दिसत नव्हतं त्या बाजूने चाचपत, जिना उतरून गेला.

गिऱ्हाइकं अजून येतात. रेस प्रत्येकाच्या फोनवर असते. एका हाताने घास, दुसऱ्या हातात फोन, कानात वायर. कुणी पडलं की एकटाच एक जण दचकतो, शेजारच्याला कळत नाही. दुर्गाबाई विचारत नाही कोण पडलं. ती वाढत जाते.