केशरचा आवाज

केशर मोठ्यानं वाचायला बसली की सरजाबाई चुलीपुढून दोनदा तरी उठून बाहेर डोकावून यायची. रस्त्यावर कुणी नसलं तरी तिची धाकधूक जात नसे. चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर आत त्यांचं गाव. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती, आणि तिच्या टोकाला नागनाथ आणि सरजाबाईचं कुडाचं घर. नागनाथची म्हातारी आई घरी असायची; नवराबायको दोघंही रोजानं शेतात जायची, दोघांनाही अक्षर येत नव्हतं. त्यांची केशर मात्र चौथीत होती, आणि तिच्यासारखं घडाघडा वाचणारं पोर वस्तीत दुसरं नव्हतं.

"अभ्यास कर" असं सरजाबाई पोरीला कधी म्हणाली नाही. शाळेतले दिनकरराव मास्तर कपाटातलं गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला द्यायचे. केशर वाचायची, सरजाबाई भाकरी थापत ऐकायची. गोष्ट ऐन रंगात आली की मुद्दाम म्हणायची, "बास आता. राहिलेलं उद्या."

"माय, थोडंच राहिलंय की!"

"उद्या म्हनलं ना."

मग ती पाठ फिरवून भांडी घासायला बसायची. पोरीनं पुस्तक पुन्हा उघडलेलं तिला न बघताच कळायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. बातमी आली आणि बघता बघता गाव वस्तीवर उलटलं. दुकानदार मीठसुद्धा देईना. शेतावरचं बोलावणं बंद झालं. रेल्वेनं येणारी माणसं कुठल्या गावात घरं पेटवली ते दबक्या आवाजात सांगू लागली.

एका संध्याकाळी सटवाजी पाटील वस्तीजवळ थांबले. सरजाबाई त्यांच्याच शेतात खुरपायला जायची.

"सरजे, पोरीचा आवाज लय लांब जायलाय," ते म्हणाले. "काही दिवस बंद ठिव."

"का मालक? काय झालं?"

"सांगितलं तेवढं कर."

आणि ते चालू लागले. ही धमकी होती की सावध करणं होतं, सरजाबाईला उमगेना. तिनं नवऱ्याला विचारलं. नागनाथ उठला आणि दार लावून आला. त्या दिवसापासून केशर आईच्या मांडीला खेटून, कानात सांगितल्यासारखी वाचू लागली.

पुढं तीनचार दिवसांनी, भर दुपारी, ओढ्यापलीकडच्या गावावर धूर दिसला. पाठोपाठ आरडाओरडा जवळ येऊ लागला. नागनाथनं म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं, सरजाबाईनं केशरचा दंड धरला आणि सगळी वस्ती ज्वारीत शिरली. हायब्रीडची ताटं छातीला लागली होती. चिखलात बसलं की माणूस दिसत नव्हतं, पण ताटं हलली तर कळणार होतं. केशर धापा टाकत होती. तिला खोकला आला, तसा सरजाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. बांधावरून माणसं गेली. "हिकडं बघा रं," कुणीतरी ओरडलं. पावलं अगदी जवळ येऊन थांबली. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले तरी सरजाबाईनं हात काढला नाही. पावलं लांब गेली. मग वस्तीकडून पेटलेली कुडं तडतडल्याचा आवाज येऊ लागला.

ती सगळी मंडळी चुडाव्याच्या स्टेशनावर जाऊन राहिली. गावात पोलीस बसल्यावर परतली. घराच्या जागी काळी राख होती. नागनाथनं चार वासे उभे करून वर पत्रे टाकले.

माणसं वाचली होती, पण केशर बोलेनाशी झाली. शाळेचं नाव काढलं की कोपऱ्यात जाऊन बसायची.

"गप हाय तेच बरं हाय," नागनाथ म्हणाला. खरं सांगायचं तर सरजाबाईलाही तेच वाटत होतं. आवाज नाही तर कुणाचं लक्ष जाणार नाही. पण एके दिवशी तिच्या हातून ताट पडलं, आणि दचकलेल्या केशरनं स्वतःच्याच हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. ज्वारीत आईनं दाबलं होतं, तसंच. आपण लेकीला वाचवलं खरं, पण तिचा श्वास अजून सोडला नाही, असं सरजाबाईला वाटलं.

दिनकरराव मास्तर एक पुस्तक ठेवून गेले. केशरनं त्याला हात लावला नाही. मग सरजाबाईनंच ते उघडून पुढ्यात धरलं आणि चित्राकडं बघत सुरुवात केली.

"एक होती मगर. ती गेली बाजारात. मेथीची जुडी घेतली..."

केशर भिंतीकडं तोंड करून पडली होती. दुसऱ्या दिवशी त्याच पानावरून मगर लग्नाला गेली, तिसऱ्या दिवशी रेल्वेत बसली. असं आठदहा दिवस चाललं. सरजाबाई रेटून वाचत होती आणि मनातून घाबरली होती, की ही पोर आता अशीच राहणार.

आणि मग भिंतीकडून खरखरीत आवाज आला.

"माय, ती मगर न्हाई. घोरपड हाय."

सरजाबाईनं पुस्तक पुढं केलं. "मला काय कळतंय? तूच बघ काय लिवलंय."

केशर कुजबुजत वाचू लागली.

"ऐकू येईना बाई," सरजाबाई म्हणाली, आणि म्हणताना तिचं लक्ष दाराकडं होतं. "जरा मोठ्यानं वाच."

केशरचा आवाज चढला, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. पोर गप झाली. सटवाजी पाटील उभे होते. सरजाबाई लेकीच्या आडवी उभी राहिली. पाटलांनी आत नजर टाकली, खाकरले. "उद्यापासून खुरपायला ये," एवढंच बोलले आणि गेले. पोरीचा आवाज बंद ठेवायला त्यांनी का सांगितलं होतं, हे तिनं त्यांना पुढंही कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"वाच," ती केशरला म्हणाली.

केशर शिकली, चारठाण्याच्या बाजूला शाळेत मास्तरीण झाली. नागनाथ गेल्यावर आईला तिनं आपल्याजवळ नेलं. तिच्या वर्गातली पोरं घरी येऊन सरजाबाईला पेपर वाचून दाखवायची, आणि ती ऐन बातमीत त्यांना थांबवायची.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला, इतकी वर्षं अडलेला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. लोक गुलाल उधळत होते. दुसऱ्या दिवशी केशर पेपर घेऊन धावत घरी आली, डोळ्यांत पाणी होतं.

"माय, ऐक, मी वाचते."

सरजाबाईनं तिचं मनगट धरलं. "आदी बघ, कुठं काय जळालं का," ती म्हणाली. "समदी पानं बघ. मग वाच."

केशर खाली बसली आणि पहिल्या पानापासून शोधू लागली.