यांचा फोटो काढ

लग्नाआधी मी दादाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायची. लग्नानंतर ते सुटलं. यंदा मुलानं तसलाच जुना, रोलचा कॅमेरा कुठून तरी आणून दिला आणि या वयात मला पुन्हा त्याचं वेड लागलं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण हातांना सगळं आठवत होतं. माणसांना 'इकडे बघा' म्हणायची लाज वाटते, म्हणून दारं, भिंती, वाळत घातलेले कपडे यांचेच फोटो जास्त.

अक्का, माझी थोरली बहीण, माझ्या घराजवळचं चामराजपुरमचं भाड्याचं घर सोडून बेंगळुरूला मुलाकडे राहायला निघाली. त्या दिवशीही कॅमेरा माझ्या गळ्यात होता. सामान गाडीत चढलं होतं. भिंतीवर भावजींचा फोटो तेवढा राहिला होता. भावजी आता नाहीत, आणि हसतानाचा त्यांचा तो एकच फोटो. अक्का मागून म्हणाली, "यांचा फोटो काढ गं."

मी काढला. श्वास धरून, नीट उभी राहून काढला. अक्कानं माझ्या छंदाला पहिल्यांदाच मान दिला असं वाटून मी सुखावले. तेवढ्यात हॉर्न वाजला, अक्का घाईनं बाहेर गेली. मीही घाईत, भिंतीकडे वळून न बघता, कुलूप लावून किल्ली घरमालकिणीला दिली.

काही दिवसांनी अक्काचा फोन आला. भावजींचा फोटो आणशील तेव्हा कपड्यात गुंडाळून आण, म्हणाली.

"अजून धुवायला दिला नाही," मी म्हणाले.

"काचेचा फोटो धुतात का कुणी? ओल्या फडक्यानं पूस की."

मी फोन ठेवला तरी ती काय बोलत होती त्याचा अर्थ मला लागेना. लागला तेव्हा चप्पल घालून अक्काच्या जुन्या घराकडे धावले. घरात रंगकाम चाललं होतं. भिंत कोरी. तुम्ही टाकून गेलात असं समजून भंगारात दिला, असं घरमालकीण कन्नडमध्ये म्हणाली.

आता भावजींचं ते हसणं फक्त कॅमेऱ्यात होतं, आणि आलंय की नाही तेही माहीत नाही. रोल संपेना. तुळस, दुधाचं पातेलं, शेजारणीची स्कूटर, जे दिसेल ते काढून मी तो संपवला आणि सरस्वतीपुरमच्या स्टुडिओत दिला. अक्काचा फोन आला की 'आणते, आणते' एवढंच म्हणायची.

फोटो आला. काचेवर खिडकीचा उजेड पडून भावजींचा चेहरा पांढरा झालेला. त्याच काचेत मी, डोळ्याला कॅमेरा लावलेली. आणि माझ्या मागे अक्का, दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडं धरून उभी.

तो घेऊन मी बेंगळुरूला गेले. सगळं सांगितलं. ती रागावली नाही. चष्मा लावून उजेडात गेली आणि हे कुठं आहेत, म्हणाली. मी त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"दिसतायत की," ती म्हणाली. "दात दिसतायत बघ."

मी पुन्हा पाहिलं. मला काहीच दिसत नव्हतं. तिला खरंच दिसत होते, की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, ते विचारायचा धीर झाला नाही. मी 'हो' म्हणाले. तिनं मुलाला चौकट आणायला सांगितलं.