पडवीतला पंखा

माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, आणि तीही ऐन पौषात. बाळंतपणाला म्हणून मी माहेरी, रत्नागिरीत मांडवीला, आले होते. आल्याआल्या सावकाश जेवूखाऊ, दुपारी लोळू, असा माझा बेत. कसलं लोळणं! पोर बाहेर आली ती सोललेल्या इवल्या करंदी कोळंबीसारखी, आणि रडली म्हणावं तर मांजराच्या पिल्लाएवढाही आवाज नाही.

डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "ऊब तुटू देऊ नका. आणि धूर अजिबात नको, छाती कच्ची आहे. ही मोठ्याने रडली की समजा, तगली."

आता आली का पंचाईत! आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वर ओव्याची धुरी. शेगडी बाहेर गेली आणि खोली गारठली. त्या वर्षी थंडीही अशी पडली होती की सगळं गाव खूश. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आंब्याला मोहोर काय सुरेख आलाय. येणारीजाणारी बाई दारातूनच म्हणायची, "अशीच थंडी राहू दे गो बाई." मला वाटे, उठावं आणि एकेकीचं तोंड दाबून धरावं.

वडिलांचा सगळा जन्म रस्त्यांच्या कामावर देखरेख करण्यात गेला होता. कामावर भट्टीत पहारी तापवून टोकं काढायला हाताने फिरवायचा लोखंडी पंखा असतो, तसला एक जुना त्यांच्याकडे पडून होता. त्यांनी तो पडवीत बसवला. पत्र्याचं लांब नळकांडं करून घेतलं, ते मातीने लिंपलेल्या चुलाणातून आरपार नेलं आणि भिंतीला भोक पाडून माझ्या बाजेखाली आणून सोडलं. पडवीत हँडल फिरवलं की पंख्याचा वारा चुलाणातून तापून खोलीत येई. धूर राहिला बाहेर, ऊब आली आत. आई आणि बाबा आळीपाळीने बसत. बाबांनी नातीचं तोंडही पाहिलं नव्हतं. सोयर फिटेपर्यंत घरातला पुरुषमाणूस त्या खोलीत यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पण तिच्यासाठी हँडल मात्र ते फिरवत होते.

पंखा मेला करकर करकर करायचा. एका संध्याकाळी आई वैतागली. "अहो, त्याला तेल घाला की जरा. पोर दचकते." बाबांनी घातलं. पंखा गप्प झाला आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मतलई वारा सुटला होता, अंगाला झोंबणारा. घटकाभर पंखा थांबवून पडलेले बाबा पुन्हा हँडलवर बसायला गेल्याचं मी ऐकलं. पण ऊब काही येईना. बाजेखाली हात घातला, नळकांड्याच्या तोंडाशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. पोरीच्या पायांना हात लावला. पाय गार.

"आई!" मी ओरडले. "पंखा का थांबला?"

"थांबलाय कुठे? हँडल फिरतंय," आई दाराबाहेरून म्हणाली.

"मग वारा कुठे गेला?"

पोरीला मी पोटाशी धरलं, वर दोन धाबळ्या ओढल्या. बाहेर त्यांची खटपट सुरू झाली. नळकांड्यात राख साचली असेल म्हणून बाबांनी पंखा सोडवून काठी घातली. राखेचा कणही निघाला नाही. मग लक्षात आलं की हँडलचं चाक फिरतंय, पण पाती फिरवणारा चामड्याचा पट्टा नुसता घसरतोय. पट्टा ताणला. तरी घसरला. मग त्याला काथ्याची दोरी गुंडाळली. ती तुटली. हे सगळं मला जसंच्या तसं ऐकू येत होतं, कारण पंखा काढल्यामुळे नळकांड्याचं ते टोक उघडं होतं आणि पडवीतला शब्दन् शब्द माझ्या बाजेखाली येत होता.

"शिंचं! पातीच अडकलीत," बाबा म्हणाले.

"तेल घातलंत ना पण?"

"अगो, कालच तर घातलं! सढळ हाताने घातलंय. तेलाचं नाव काढू नकोस."

इकडे पोरीचे ओठ मला निळसर दिसायला लागले. खरेच होते की माझ्या डोळ्यांना तसं वाटलं, देव जाणे. निदान तळपाय तरी चोळावेत म्हणून मी उशाशी ठेवलेल्या तेलाच्या वाटीत बोट घातलं. बोट आत जाईना. रोज तिच्या टाळूवर घालायचं तेल, पांढरंफटक, दगड झालेलं! मला इतका संताप आला की वाटी भिंतीवर फेकणार होते. हात वर केला आणि तसाच राहिला.

मी बाजेवरून खाली वाकले आणि नळकांड्यात तोंड घालून ओरडले, "बाबा! पंख्याला तेल कसलं घातलंत?"

"ओरडू नकोस, ओली बाळंतीण तू!" हा आईचा आवाज.

"कसलं म्हणजे? खोबरेल. घरचं, ताजं." हे बाबा. त्यांचं तरी काय चुकलं? कुलपाला खोबरेल, गाडीच्या आसाला खोबरेल, आमच्याकडे तेल म्हणजे तेच.

"मग ते थिजलंय! माझ्या वाटीतलं थिजलंय, तुमचं नाही थिजणार?"

मग बाबा धावल्याचा आवाज. न्हाणीत माझ्या आंघोळीचं पाणी उकळत होतं, ते त्यांनी आणून पंख्याच्या आसावर ओतलं. काळं, कोळशाच्या पुडीने लोण्यासारखं घट्ट झालेलं तेल बाहेर आलं म्हणे. सगळं पुसून कोरडं केलं, पंखा परत जोडला. "करकरू दे आता हवा तेवढा," ते म्हणाले.

आणि करकरला. त्या आवाजाचा मला कोण तिटकारा होता, पण त्या दिवशी तो ऐकून मी हात जोडले. बाजेखालून ऊब वर येऊ लागली. पोरीचे पाय माझ्या मुठीत होते. गारच होते अजून. मी तिला हलवत होते, तिच्या नावाने काय वाट्टेल ते बडबडत होते, शिव्यासुद्धा दिल्या. बराच वेळ काही नाही. मग तिने तोंड वेडंवाकडं केलं, मुठी आवळल्या आणि असं भोकाड पसरलं, असं पसरलं, की मीच दचकले.

करकर थांबली. माझा जीव पुन्हा टांगणीला. आता काय मोडलं?

थांबलेल्या पात्यांमधून बाबांचा आवाज नळकांड्यात आला, अगदी हळू. "अगो, ही तीच रडतेय का?"

"होय बाबा, तीच."

तेवढ्यात आई कडाडली, "अहो, मग हात काय थांबवलात? फिरवा की!"

करकर पुन्हा सुरू झाली. मधूनमधून बाबांचं नाक ओढणं ऐकू येत होतं. माझ्या वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.