थकणारा सिंथ

"कम्प्युटरच्या जोडीला अ‍ॅनालॉग सिंथ घे, आवाज भरीव येतो" म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं. म्हणून आज नागपूरला गेलो होतो. आत्ता कुडव्याला परत आलोय. पाय नुसते भरून आलेत.

दुकानात कीबोर्डसारख्या दिसणाऱ्या एका जुन्या सिंथचा आवाज खरंच पोटात शिरला. पण दुकानदार म्हणाला, "भाऊ, गरम हुआ तो सुर उतरता है. बीच-बीच में मिलाना पडेगा."

कार्यक्रमात मी कम्प्युटरवर म्युझिक वाजवतो, त्याचा सूर कधी केसभर हलत नाही. हा नखरा विकत कायले घ्यायचा? रिकाम्या हातानं निघालो.

आमच्या भीमगीत पार्टीच्या गायिका शेवंतामावशी घरी वाट पाहत होत्या. मी वैतागूनच सांगितलं, "चार गाणे झाले का त्याचा सूर उतरते, मावशी."

बशीतला चहा फुंकत त्या म्हणाल्या, "चार गाण्यानं माहा बी उतरते. तुहा कम्प्युटर तं हलतच नाही. मंग लोकायले मीच बेसूर वाटते."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"त्यालेच आणाचं होतं ना, बापू. कोणी तं माह्यासंगं थकलं असतं."

उद्या पुन्हा नागपूर. कोणी येता का सोबत?