वाडीचं सुप्रीम कोर्ट

"आधी खालच्या कोर्टात जावन इलंस?"

कुणी तक्रार घेऊन वाडीतल्या बेलिफ आजोबांच्या पायरीवर बसलं की पहिला प्रश्न हाच. या प्रश्नाला मी एकदा खोटं उत्तर दिलं, ते आधीच सांगून टाकतो.

तालुका कोर्टातून बेलिफ म्हणून ते निवृत्त झाले आणि आमच्या मिठबावच्या वाडीत सुप्रीम कोर्ट झाले. नाव वाडीनं चेष्टेनं ठेवलं, त्यांनी ते मानानं चालवलं. खालचं कोर्ट म्हणजे ज्याच्याशी भांडण, तो माणूस. त्याच्याशी बोलल्याशिवाय अपील नाही. "दिल्लीचा कोर्ट तरी कोणाकय सरळ आत घेता काय रे?"

अपवाद एकच. शेजारच्या काकी डोळे पुसत आल्या. सुनेनं डॉक्टरांचं नाव सांगून बांगडा बंद केला होता. "सुनेशी बोलूक नाय हां मी," काकी घाबरत म्हणाल्या.

"गो, बांगडो म्हणजे मूलभूत हक्क! थेट दाखल!"

निकाल लागला: रविवारी एक तुकडा, शेपटीकडचा. सुनेनं तो मानला.

माझं भांडण धाकट्या भावाशी होतं. त्याच्या आंब्याच्या कलमांकडे जाणारी पाणंद माझ्या परड्यातून जाते. मला ती वाट बंद करायची होती.

"भावाशी बोललंस?"

"होय. तेची हरकत नाय."

मी बोललोच नव्हतो. त्यांनी माझ्या शब्दावर निकाल दिला. भावानं सबंध हंगाम डोंगराला वळसा घालून डोक्यावरून पेट्या नेल्या. रागानं विचारायलाही आला नाही. लोक हसायचे, "आमच्या सुप्रीम कोर्टाक एकच कान!"

हंगाम सरता सरता मला राहवेना. मी जाऊन त्यांना खरं सांगितलं.

"आपलोच निकाल परत तपासूचो अधिकार वरच्या कोर्टाक आसा," ते म्हणाले आणि काठी घेऊन निघाले. भावाच्या अंगणात, चार माणसांसमोर म्हणाले, "निकाल माझो चुकलो. मी तुका विचारूक व्हया होता. पाणंद उघडी." माझं नाव घेतलं नाही. मी शेजारीच उभा होतो, गप्प.

त्यानंतर पायरी ओस पडली. चुकणाऱ्या कोर्टात कोण जाणार? ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचे, "काय रे, एखादा भांडाण?"

यंदा ते गेले. बाराव्याला भाऊ पंगतीत म्हणाला, "बरो माणूस. एक निकाल तेवढो चुकलो." सगळे हसले.

मी हातातला घास खाली ठेवला.

"तेंचो नाय चुकलो. मी तेंका खोटा सांगलंय. तुका मी कधी विचारलंयच नाय. माका माफ कर रे."