तालाची हद्द आणि अण्णामामांची पावलं

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. मुरार गावातल्या मामांच्या घरात हजर: मामी, तिची लेक कुसुम, तालाखालच्या गावचा पटेल आणि मी. अण्णामामा नुकतेच वारले होते. पटेलानं मला बाजूला घेतलं. “बाबूजी, अब ताल की हद कौन बताएगा?” ताल म्हणजे पठारावरचं तळं. वेळ चुकीची होती, प्रश्न बरोबर होता.

संस्थानच्या काळात मामा शिकारखान्यात होते. पठारावरचा ताल त्यांनी राखला. परवान्याशिवाय तिथं बंदूक नाही, गुरं नाहीत, नांगर नाही. हिवाळ्यात बदकं उतरत, पावसाळ्यात सारसाची जोडी लव्हाळ्यात घरटं करी. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला. पुढं नवं राज्य आलं, दप्तरं भोपाळला निघाली आणि राखीव जमिनींची यादी करायचं काम कचेरीत माझ्याकडे आलं. तालासमोर खातं होतं शिकारखाना... ते खातंच उरलं नव्हतं. मी ताल ‘पडीक’मध्ये टाकला आणि यादी मुदतीआधी पाठवली.

काही महिन्यांत हुकूम आला: बांध फोडा, जमीन वाटा. मामा थेट कचेरीत आले.

“पडीक कोणी लिहिलं?”

“मी. खातं बंद झालंय, मामा.”

“खातं बंद झालं म्हणून पाणी बंद झालं काय रे? ऊठ, चल.”

ऐन ज्येष्ठात त्यांनी मला पठाराखालच्या विहिरीवर उभं केलं. माझ्याच हातानं पोहरा सोडायला लावला. दोर निम्माही सुटला नाही, तोच पाणी लागलं. पटेल म्हणाला, “ऊपर ताल सूखा, तो नीचे हम सूखे.” त्या आठवड्यात मी माझी चूक लेखी कबूल केली. उत्तर आलं: पाहणीपर्यंत बांध फोडू नये, हद्द जागेवर दाखवावी.

जुना नकाशा दप्तरांच्या हलवाहलवीत गहाळ झाला होता. हद्दीचे दगड गवतात गडप. तोवर मामा अंथरुणाला खिळले होते; तिथूनच ते सांगत, मी उतरून घेई. “बाभळीपासून चाळीस पावलं... माझी हं, तुझी कचेरीतली नाहीत.”

सगळे दगड सापडले, पश्चिमेचा एक सोडून. टिपण आहे: पळसापासून साठ पावलं. मी तीनदा मोजली, तिन्ही वेळा चिखलातच पोचलो. कुसुम म्हणाली, “दादा, अण्णा तुझ्याहून वीतभर उंच होते. त्यांचं पाऊलही लांब पडायचं.” बुधवारी पाहणी आहे. तो दगड अजून सापडायचा आहे.